मामांचा खोकला आणि माझा रिपोर्ट

मला राग पटकन येतो. आमच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यातच कळतं, कुणी सांगावं लागत नाही. बाटलीवर लेबल नसलं, वहीत खाडाखोड दिसली, वजनाच्या तिसऱ्या दशांशात गडबड झाली, की माझा आवाज कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. बरीच वर्षं मी त्याला शिस्त म्हणत आले. आता म्हणत नाही, आणि त्याचं कारण सांगायला मला दोन वर्षं लागली.

आमची लॅब तळोज्याच्या एमआयडीसीत आहे. आम्ही बॅटऱ्यांवर संशोधन करतो. मोबाइलमधल्या नव्हे, मोठ्या. दिवसा सूर्यापासून मिळालेली वीज साठवून ठेवायची आणि संध्याकाळी लोकांनी दिवे लावले की परत द्यायची, असं ते काम. आमच्या बॅटऱ्यांत लिथियमऐवजी सोडियम असतं, म्हणजे मिठात असतं तेच. पाहुणे आले की आमचे साहेब हमखास सांगतात, ‘या भागात पूर्वी मिठागरं होती, आम्ही तोच धंदा पुढे चालवतोय.’ पाहुणे हसतात. पंचविसाव्यांदा ऐकताना मीही हसते, नोकरी आहे.

गेटवर मोठा बोर्ड आहे, ‘स्वच्छ ऊर्जा’, बाजूला हिरवं पान. त्या बोर्डाच्या आत पहिली खोली लागते ती पावडर रूम. तिथून बाहेर आलेल्या माणसाच्या पापण्यासुद्धा काळ्या असतात. बॅटरीच्या आत जे असतं ते आधी पावडरच असतं, काजळीसारखी बारीक. ती चाळायची, तोलायची, मिसळायची, तिची लापशी करून धातूच्या पातळ पत्र्यावर पसरायची, वाळवायची. पुढचं सगळं काम पांढऱ्या कोटातल्या लोकांचं. सुरुवातीचं काम मामांचं.

मामा म्हणजे आमचे पावडर रूमचे ऑपरेटर. वय पन्नाशीच्या पुढे, गाव साताऱ्याकडे, राहायला कळंबोली. तरुणपणी तिथल्या लोखंड बाजारात माल उचलायचे. आमच्याकडे हेल्पर म्हणून लागले आणि सोळा वर्षांत त्या खोलीचे मालक झाले. चाळणीच्या आवाजावरून पावडरीला ओल लागलीय का ते सांगायचे. पीएचडी केलेली मुलं स्वतः केलेलं मिश्रण पत्र्यावर पसरायची आणि वाळल्यावर त्याला तडे जायचे. मग ती मुकाट्याने मामांकडे जायची. माझे जे काही चार बरे निकाल छापून आले, त्यांतल्या प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे चाचणीसाठी केलेल्या छोट्या बॅटरीत, मामांचा हात होता. पेपरच्या शेवटी आभारांत त्यांची एक ओळ असायची. ती ओळ टाकताना मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

पावडर रूममध्ये टेबलाच्या वर धूळ ओढून घेणारा ब्लोअर आहे. तो चालू असला की खालचा नाजूक वजनकाटा स्थिर होत नाही, आकडे नाचत राहतात. म्हणून मीच एकदा म्हटलं होतं, ‘मामा, तोलताना दोन मिनिटं ब्लोअर बंद करा.’ दोन मिनिटांची दहा झाली, दहाची अर्धी पाळी झाली. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मला अचूक वजन हवं होतं आणि ते मला मिळत होतं, त्यामुळे मीही पुढे विचारलं नाही.

खोलीतली हवा मोजायचं कामसुद्धा माझ्याकडे होतं. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून साहेबांनी ‘मॅडम, तुम्ही नीटनेटक्या आहात’ असं म्हणून माझ्या गळ्यात मारलं. दर तीन महिन्यांनी बाहेरच्या एका लॅबचा माणूस यायचा आणि मामांच्या पट्ट्याला एक छोटा पंप अडकवायचा. पंपातून निघालेली नळी खांद्यावरून कॉलरपर्यंत, आणि कॉलरला एक गोल डबी, आत पांढरा कागद. माणूस श्वास घेतो तशी ती डबी दिवसभर हवा ओढते. संध्याकाळी कागद काढून तोलायचा. त्यावर किती काळं बसलं त्यावरून माणसाच्या नाकासमोर दिवसभर किती धूळ होती ते कळतं.

पहिल्याच वेळी तो कागद कोळशासारखा काळा होऊन आला. इतका, की डबी उघडताना थर सुटून खाली पडला. बाहेरच्या लॅबने नमुना मोजण्यालायक नाही म्हणून परत पाठवला. मी ती डबी घेऊन तरातरा पावडर रूमच्या दारात गेले आणि सगळ्यांसमोर मामांना झापलं.

‘एवढं महागाचं यंत्र अंगावर दिलं, ते काय ड्रममध्ये बुडवलंत? पुन्हा असा काळा कागद माझ्याकडे आला तर बघा.’

मला वाटलं होतं की ड्रममध्ये वाकताना त्यांनी ती डबी पावडरीला टेकवली. टेकवलीही असेल. मामा म्हणाले, ‘चुकलं ताई.’ 

पुढच्या खेपेला कागद छान आला. पांढरा, वर जेमतेम राखाडी छटा. आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली. मी म्हटलं, ‘याला म्हणतात काम!’ मामा लाजून हसले. त्यानंतर दर वेळी कागद तसाच येत राहिला. मी रिपोर्टवर सही करत राहिले, साहेब खूश होत राहिले, आणि ब्लोअर बंद राहत गेला, कारण आकडा सांगत होता की सगळं ठीक आहे. एखाद्या सेलने मला इतका गोड निकाल दिला असता तर मी तो तीनदा तपासला असता, करणाऱ्याच्या खनपटीला बसले असते. इथे बसले नाही. मला जो आकडा हवा होता तोच समोर आला होता.

मामांना खोकला कधी सुरू झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. तळोज्यात सगळेच खोकतात. सकाळी कारखान्यांचा वास असा बसलेला असतो की बसमधून उतरल्यावर आधी नाकाला रुमाल लावावा लागतो. त्यात आणखी एकाचा खोकला कोण मोजणार? पण एक दिवस ड्रम उचलताना मामा मटकन खाली बसले. जांघेत हात धरला होता. ‘काय न्हाई, पाय सरकला,’ म्हणाले. पाय वगैरे काही सरकला नव्हता. तिथे गाठ आली होती आणि कित्येक महिने ते पँटच्या आत पंचा घट्ट आवळून काम करत होते. लाजेपायी कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते बाहेर काढलं.

हर्निया होता. कामोठ्याच्या एका हॉस्पिटलमधल्या सर्जननी सांगितलं, ऑपरेशन साधं आहे, आतून जाळी बसवायची, दोन दिवसांत घरी. तारीखही ठरली. पण तपासताना डॉक्टर ‘खोका’ म्हणतात, तसं म्हणाले आणि मामा जे खोकायला लागले ते थांबेचनात. सर्जन हात बाजूला घेऊन वाट बघत राहिले. मग म्हणाले, ‘हा खोकला असताना मी टाके घातले तर ते टिकणार नाहीत, पुन्हा सगळं उसवेल. आधी खोकला थांबवा, मग मी कापतो. पण फार उशीरही नको. आतडं त्यात अडकलं तर मला खोकला असला तरी कापावंच लागेल, आणि मग गोष्टी माझ्या हातात राहणार नाहीत.’

तारीख रद्द झाली. आता सगळं त्या खोकल्यावर येऊन थांबलं.

छातीच्या डॉक्टरांकडे मी मामांबरोबर गेले. मी कामोठ्यातच राहते, दवाखाना माझ्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर. डॉक्टरांनी मामांना एका नळीत फुंकायला लावलं, एक्स-रे बघितला आणि विचारलं, ‘बिडी किती वर्षं?’

‘कदीच न्हाई.’

‘सगळे असंच म्हणतात. काम काय करता?’

मामा एकदम ताठ बसले. ‘बॅटरीच्या कंपनीत, पावडर रूमला. पन आमच्याकडं हवा मोजत्यात. आमच्या ह्या ताईच मोजत्यात.’

मी पर्समधून रिपोर्ट काढून दिले. मागितलेले नसतानाही शिक्का मारून नेले होते. डॉक्टरांनी एकामागून एक चाळले आणि माझ्याकडे बघून, शिकलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, ‘हवा तर स्वच्छ आहे. मग बिडीच. हे लोक सांगत नाहीत हो.’

खरं सांगायचं तर मला ते अर्धंमुर्धं पटलं होतं. माझ्यापुढे एका बाजूला माझा आकडा होता आणि दुसऱ्या बाजूला मामांचा शब्द. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा मी म्हटलं, ‘मामा, खरं सांगा, पूर्वी कधी ओढत होता का? बाजारात असताना वगैरे?’

मामांनी माझ्याकडे बघितलं. ‘ताई, तुमी पन?’ एवढंच म्हणाले. मग सिग्नल सुटला आणि आम्ही रस्ता ओलांडला.

औषधं सुरू झाली. तोंडात फवारा मारायचा पंप आला. खोकला हलला नाही. हलेल कसा? रिपोर्ट स्वच्छ होता, त्यामुळे रजेला काही कारण नव्हतं, आणि मामा रोज सकाळी पावडर रूममध्ये हजर होत होते. एक हात जांघेवर दाबून दुसऱ्या हाताने चाळणी हलवायचे. गाठ वाढत होती. सर्जननी दुसरी तारीख दिली आणि तीही खोकला ऐकून रद्द केली.

एका शनिवारी मामींचा फोन आला. मामींना मी दोन-तीनदाच भेटले होते. त्यांचा आवाज रडवेला होता. ‘ताई, तुमी येऊन बोला. माजं ऐकत न्हाईत. डॉक्टर म्हनतोय बिडी वडत्यात. मी शर्टाचा वास घेऊन बगते, तर वासबी येत न्हाई. कुटं लपून वडत्यात काय कळंना. मला लय टेन्शन आलंय. तुमचं ऐकतील.’

रविवारी सकाळी मी कळंबोलीला गेले. लोखंड बाजाराच्या मागच्या जुन्या सेक्टरमधली चार मजली बिल्डिंग, दोन खोल्या, बाहेर छोटी गॅलरी. रस्त्यावर ट्रक उभे. मामा लुंगी-बनियनमध्ये पलंगावर बसले होते. बनियनमध्ये त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते आणि ते किती बारीक झालेत ते तेव्हा मला दिसलं. मामींनी चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत बादलीतले कपडे गॅलरीत वाळत घालायला लागल्या. बिडीचा विषय कसा काढावा ते मला सुचेना, म्हणून मी कपड्यांकडे बघत बसले. शर्ट, टॉवेल, परकर, सगळं कसं लख्ख. मामी कामाला वाघीण आहेत. आणि मग एक रुमाल, काळाकुट्ट.

मी सहज म्हटलं, ‘हा काय, गाडी पुसायचा का?’

‘गाडी कुटली आमाला? तुमच्या मशीनचा रुमाल हाय की त्यो!’ मामी तो झटकत म्हणाल्या. ‘परवा तुमचं ते हवा मोजायचं झालं न्हवं? त्या दिवशीचा. गरम पान्यात भिजवला, सोडा टाकला, ब्रश मारला, तरी निघंना.’

‘माझ्या मशीनचा म्हणजे?’

मामा पलंगावरून म्हणाले, ‘त्या डबीला बांदायचा. घडी घालून. आत भारी कागद असतो न्हवं, त्यो काळा व्हायला नगं म्हनून. सांजच्याला मानूस यायच्या आदी सोडायचा आन खिशात घालायचा.’

‘दर वेळी?’

‘दर येळी. पयल्यांदा तुमी बोलला व्हता, तवापासनं एकदाबी चुकवलं न्हाई.’

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपण एखाद्याची वस्तू जपून वापरली आणि त्या माणसाला ते आज कळलं, असं समाधान. आमच्या लोकांत वस्तू जपायची रीत असतेच. रिमोटला प्लास्टिक, नव्या गादीला वर्षभर कव्हर. माझ्या स्वतःच्या घरातल्या मिक्सरला मी टोपी शिवलेली आहे. मामांनी तेच केलं होतं. त्यांच्या नाकासमोरची सगळी धूळ त्या रुमालावर बसत होती आणि गाळून उरलेली हवा माझ्या कागदापर्यंत पोचत होती. त्या कागदाच्या वजनावर मी सह्या करत होते.

मी म्हटलं, ‘मामा, तो कागद काळाच व्हायला हवा होता. तो त्यासाठीच असतो. किती काळा होतो ते बघायलाच मोजतात.’

मामी गॅलरीच्या दारात रुमाल हातात धरून उभ्या होत्या. मग मामांनी विचारलं, ‘मंग तुमी रागावला कशापायी?’

थर सुटलेला नमुना मोजता येत नाही, हे खरं आहे, पण ते त्या दिवशी शांतपणे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी ती दोन मिनिटं दिली नाहीत.

मी मामींकडे तो रुमाल मागितला. ‘अवो, मळका हाय, कशाला?’ म्हणत त्यांनी तो दुधाच्या पिशवीत घालून दिला. मी मामांना सांगितलं, उद्यापासून पावडर रूममध्ये पाऊल टाकायचं नाही. मामा म्हणाले, ‘आन मंग मिश्रण कोन करनार?’

सोमवारी मी साहेबांसमोर तो रुमाल ठेवला आणि सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी मामांना लगेच दुसरं काम द्यायला होकार दिला. पण रिपोर्टचं ऐकल्यावर खुर्चीत मागे रेलले. ‘पुढच्या वेळी नीट मोजा ना. जुनं कशाला उकरताय? पंधरा दिवसांवर लॅबचा रिव्ह्यू आहे. आणि सह्या तुमच्याच आहेत, मॅडम.’

सह्या माझ्या आहेत हे मला साहेबांनी सांगायची गरज नव्हती. सगळा रविवार मी तोच विचार करत घालवला होता. डॉक्टरांना नुसता फोन करावा, ‘रिपोर्टवर फार विसंबू नका’ असं मोघम सांगावं, म्हणजे कागदावर काही यायला नको, इथपर्यंत माझी मजल गेली होती. वीस वर्षं मी मुलांना शिकवत आले की निकाल चुकला तर तो खोडायचा नाही, त्यावर एक सरळ रेघ मारायची, बाजूला कारण लिहायचं आणि सही करायची. दुसऱ्याच्या वहीबद्दल हे सांगणं फार सोपं असतं. मला भीती वाटत होती, आणि ती मामांच्या छातीची नव्हती, माझ्या नावाची होती. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

पण छातीचे डॉक्टर कागद बघून चालले होते आणि सर्जन छातीच्या डॉक्टरांकडे बघून. माझा कागद जोवर ‘हवा स्वच्छ’ म्हणत होता तोवर मामा बिडी ओढणारे खोटारडे होते. मी पत्र लिहायला बसले.

पहिला मसुदा चांगला झाला होता. ‘ऑपरेटरने नमुना घेताना फिल्टर कापडाने झाकल्याचे निदर्शनास आले आहे.’ एकही शब्द खोटा नव्हता. पत्र मामांच्या फाइलमध्ये जाणार होतं, म्हणून मी त्यांना वाचून दाखवलं. मामांनी मान खाली घालून ऐकलं.

‘म्हंजे म्या फसवलं, असं लिवलंय.’

‘तसं नाही हो मामा, ती पद्धत असते लिहायची.’

‘तसंच हाय,’ मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. ‘आदी बिडीचं झालं. आता हे.’

मी तो कागद फाडला आणि त्यांच्या समोरच दुसरा लिहिला. कागद काळा का व्हायला हवा हे मी ऑपरेटरला कधी समजावून सांगितलं नाही. पहिला नमुना काळा आला तेव्हा मी त्यांना सर्वांसमोर रागावले. त्यामुळे त्यांनी फिल्टर जपला. त्यानंतरचे माझ्या सहीचे सगळे निकाल रद्द समजावेत. तोलताना ब्लोअर बंद ठेवायला मीच सांगितलं होतं. अर्ध्या पानाचं पत्र. एक प्रत डॉक्टरांना, एक साहेबांना.

साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रिव्ह्यू पुढे ढकलला गेला. हवा मोजायचं काम माझ्याकडून काढून घेतलं आणि महिन्याभराने परत दिलं, कारण ते घ्यायला दुसरं कुणी तयार होईना.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. पेन घेऊन केसपेपरवर काहीतरी खोडलं आणि त्याखाली लिहिलं. माफी वगैरे मागितली नाही, ते तशांतले नव्हते. ‘त्या खोलीपासून लांब ठेवा. औषधं बदलतो,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘बिडी नाही हे यांच्या मिसेसना सांगा.’ मामी दाराशी उभ्या होत्या. डॉक्टर जरा वैतागले, पण म्हणाले, ‘बाई, तुमचे मिस्टर बिडी ओढत नव्हते. कामावरची धूळ आहे ही.’ जाताना रिक्षात त्यांनी मामांच्या हातातली औषधांची पिशवी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

सहा आठवडे मामा पावडरीपासून लांब राहिले. खोकला गेला नाही, पण कमी झाला. सर्जननी पुन्हा ‘खोका’ म्हटलं, मामा एकदा खोकले आणि थांबले. सर्जननी आणखी थोडं थांबून बघितलं आणि डायरी उघडली.

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा घेतली. कमरेखालचा भाग बधिर करून करणार होते, त्यामुळे मामा पूर्ण वेळ जागे होते. बाहेर बाकावर मी आणि मामी. मामींनी डब्यात चटणी-भाकरी आणली होती आणि ती मला खायला लावली. दीड तासाने सर्जन बाहेर आले, म्हणाले, नीट झालं, जाळी बसवली, आतडं सुखरूप होतं. आणखी उशीर चालला नसता, हेही म्हणाले. मामींनी त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, ते घाईने मागे सरकले. मला रडू आलं. मी ते बाथरूममध्ये जाऊन उरकून घेतलं.

आता पावडर तोलायला काचेची बंद पेटी आहे, बाहेरून हातमोजे घालून काम करायचं. ब्लोअर बंद होतच नाही, त्याचं बटणच काढून टाकलंय. मामा टेस्टिंग रूममध्ये असतात, सेलची नोंद ठेवतात. जेवणाच्या सुट्टीत कधी कधी पावडर रूमच्या काचेशी उभे राहून नव्या ऑपरेटरचा हात बघतात आणि मान हलवतात. मिश्रणाला अजून अधूनमधून तडे जातात.

माझ्या पत्रामुळे आणखी एक झालं. लॅबमधल्या प्रत्येकाची फुप्फुसांची, म्हणजे नळीत फुंकायची, तपासणी करायची असं ठरलं. मामांच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते. कॅन्टीनमध्ये टेबल टाकून एक मुलगी मशीन घेऊन बसली होती, एकेकाच्या तोंडात नळी देऊन ‘जोरात, जोरात, सोडा, अजून सोडा’ करत होती. मामांचा नंबर माझ्या आधी होता. टाक्यांच्या जागेवर हात ठेवून ते फुंकत होते. तिने तीनदा फुंकायला लावलं. मामांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. आकडा आधीइतकाच आला. कमी झाला नाही, वाढलाही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते जपायचं. मामांनी तोंड पुसलं आणि माझ्यासाठी खुर्ची रिकामी केली.

मी एकदा फुंकलं. ती मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणाली, ‘मॅडम, एकदम मस्त. तुमच्या वयाला यापेक्षा कमी असतं. दुसऱ्यांदा नको.’

मामा शेजारीच उभे होते. त्यांना मनापासून आनंद झाला. मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, ‘बगा, आमच्या ताईंचं एक नंबर आलं.’ ते अजून हसत होते आणि मी हातात माझ्या निकालाचा कागद धरून उभी होते. मामांच्या त्या सोळा वर्षांत मी पावडर रूममध्ये एका वेळी कधी दहा मिनिटांच्या वर थांबले नव्हते.